सराय, धर्मशाळा आणि आठ जणांची खोली

 आजचा विषय जरा वेगळा आहे. राजे नाहीत, लढाया नाहीत. आज आपण एका बेडविषयी बोलणार आहोत. परक्या शहरात, रात्रीपुरता, परवडेल अशा भाड्यात मिळणारा एक बेड. तो कुणाला मिळाला, कुणाला नाही आणि तो देणारा कोण होता, याचा इतिहास आपल्याकडे चांगला पाचशे वर्षांचा आहे.

हे डोक्यात आलं त्याला कारण घडलं. राष्ट्रीय अभिलेखागारात चार दिवसांचं काम होतं म्हणून मी वडोदऱ्याहून दिल्लीला गेलो. खिशाचा विचार करून पहाडगंजातल्या एका बॅकपॅकर हॉस्टेलमध्ये उतरलो. एका खोलीत आठ बेड, चार खाली आणि चार वर. प्रत्येक बेडला पडदा, डोक्याशी छोटा दिवा, मोबाईल चार्ज करायला सॉकेट, खाली सामानाचं लोखंडी कपाट. कुलूप मात्र आपलं आपण आणायचं. ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी मेन बाजारात जाऊन कुलूप घेतलं. एका रात्रीचे सहाशे रुपये. खोलीत केरळचे दोघे जण, एक इस्रायली मुलगा, मुलाखतीसाठी आलेला एक बिहारी इंजिनिअर आणि पन्नाशी ओलांडलेला मी. सगळे मला ‘अंकल’ म्हणत होते, पण जेवताना शेजारी जागा करून देत होते. मला ते सगळं आवडलं, हे आधीच सांगतो.

दुसऱ्या रात्री साडेअकराच्या सुमारास मी खाली पाणी घ्यायला गेलो होतो. काउंटरवर विशी-बाविशीतला एक मुलगा उभा होता. पाठीवर सॅक, हातात आधार कार्ड. काउंटरवरच्या पोराने कार्ड पाहिलं आणि परत केलं. “भैया, लोकल आयडी अलाऊ नहीं है.” मुलगा म्हणाला, घरी जरा भांडण झालंय, एकच रात्र काढायची आहे, पैसे आगाऊ देतो. उत्तर तेच. पत्ता दिल्लीचा आहे, बेड मिळणार नाही. तो दोन मिनिटं तसाच उभा राहिला आणि मग निघून गेला. मी बाटली भरून वर आलो. काही बोललो नाही.

झोप मात्र लागली नाही. वाटलं, हा नियम आला कुठून? प्रवासी कोण आणि प्रवासी नाही कोण, हे कुणी ठरवलं? इतिहासाच्या माणसाला असे प्रश्न पडले की तो मागे जातो. तर चला, मागे जाऊ.

दिल्लीचा नकाशा घ्या आणि नावं वाचा. सराय काले खां, सराय रोहिल्ला, युसुफ सराय, कालू सराय, शेख सराय, लाडो सराय, नेब सराय, बेर सराय, जिया सराय, कटवारिया सराय. हे शहर किती काळ परक्या माणसांना निवारा देत आलंय, ते या नावांतच दिसतं. यातल्या बहुतेक ठिकाणी आता सराय उरलेली नाही, नाव उरलंय. गंमत अशी की बेर सराय आणि जिया सरायमध्ये आजही बाहेरगावची मुलं भाड्याच्या खोल्यांत राहून परीक्षांचा अभ्यास करतात. आपल्या मराठी मुलांनीही तिथे वर्षं काढली आहेत. इमारत गेली तरी जागेचा धंदा तोच राहिला.

सराय म्हणजे काय? मधोमध मोठं चौकोनी अंगण, चारी बाजूंनी कमानी असलेल्या लहान लहान खोल्यांची रांग, एक-दोन मोठे दरवाजे, आत विहीर आणि बहुधा एक मशीद. सूर्यास्तानंतर दरवाजा बंद होई आणि पहाटे उघडे. दरवाजा बंद करण्याआधी आणि उघडण्याआधी माणसं, जनावरं, सामान जागेवर आहे ना, हे पाहिलं जाई. हुमायूनच्या मकबऱ्याला गेलात तर शेजारीच ‘अरब की सराय’चा दरवाजा आणि भिंती दिसतील. तिथून जवळच सुंदर नर्सरीच्या बाजूला अझीमगंज सरायही आहे. तिथल्या खोलीत उभं राहून पाहा. माझ्या हॉस्टेलमधल्या पडद्याआडच्या जागेपेक्षा ती फार मोठी नाही.

सरायांचं नाव निघालं की शेरशाह सूर आठवतोच. त्याने १५४० ते १५४५ अशी जेमतेम पाच वर्षं राज्य केलं. अब्बास खान सरवानी या इतिहासकाराने अकबराच्या काळात त्याचा वृत्तांत लिहिला. त्यात म्हटलंय की शेरशाहने रस्त्यांवर दर दोन कोसांवर सराय बांधली आणि अशा एकूण सतराशे सराया होत्या. आकडा दरबारी असेल, तो सोडून देऊ. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा तपशील. प्रत्येक सरायमध्ये हिंदूंची आणि मुसलमानांची सोय वेगवेगळी होती. हिंदूंना गरम-थंड पाणी, अंथरूण आणि शिधा द्यायला ब्राह्मण नेमलेले होते. म्हणजे सार्वजनिक निवाऱ्याच्या या व्यवस्थेत ‘कोण कुणाच्या हातचं पाणी पिणार’ हा प्रश्नही सोबत आला. शेरशाहने तो सोडवला नाही, त्याची व्यवस्था लावून दिली. त्या काळात तेही थोडं नव्हतं. दोघांसाठीही दरवाजा तर उघडा होता.

सरायमध्ये राबणारी माणसं म्हणजे भटियारे आणि भटियारिणी. खोली झाडायची, खाट टाकायची, चूल पेटवून वाटसरूला जेवू घालायचं. आपल्या मराठीतला ‘भटारखाना’ हा शब्द याच घराण्यातला. सरायचं नाव बांधणाऱ्या अमीर-उमरावाच्या नावावर लागलं, पण ती चालवली या लोकांनी. त्यांची नावं कुठल्याही शिलालेखात सापडत नाहीत.

एका सरायचं नाव मात्र एका स्त्रीशी जोडलेलं आहे. शाहजहानची मुलगी जहांआरा बेगम. तिने सतराव्या शतकाच्या मध्यात चांदणी चौकात एक भव्य सराय बांधली. फ्रेंच डॉक्टर फ्रान्स्वा बर्निये तेव्हाची दिल्ली पाहून लिहून गेला. हा माणूस सहजासहजी कौतुक करणारा नव्हे. साध्या सरायांबद्दल त्याची तक्रारच आहे, की तिथे शेकडो माणसं घोडे, खेचरं आणि उंटांबरोबर दाटीवाटीने पडलेली असतात. पण बेगमेच्या सरायबद्दल तो लिहितो की अशा वीसेक इमारती पॅरिसमध्ये असत्या, तर नव्याने येणाऱ्या परक्या माणसाला सुरक्षित जागेसाठी वणवण करावी लागली नसती. पण ती होती कुणासाठी? इराणी, उझबेक आणि इतर श्रीमंत व्यापाऱ्यांसाठी. उत्तम जागा पैसेवाल्यांना आणि जनावरांबरोबरची जागा बाकीच्यांना, ही विभागणी तेव्हाही होतीच.

ती सराय आज नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी ती पाडली आणि तिथे टाऊन हॉल उभा केला. चांदणी चौकात स्वामी श्रद्धानंदांच्या पुतळ्यामागे जी पिवळी इमारत दिसते, तीच ती जागा.

इथे आपल्या गोष्टीत सरकार येतं. १८६७ साली इंग्रज सरकारने ‘सराय कायदा’ केला. हा कायदा तुम्हाला व्हॉट्सॲपवर भेटला असेल. ‘या कायद्यानुसार कुठल्याही हॉटेलात फुकट पाणी प्यायचा आणि स्वच्छतागृह वापरायचा तुम्हाला हक्क आहे’ असा निरोप दर काही महिन्यांनी फिरतो. मंडळी, मूळ कायदा लहानसा आहे, तो वाचून पाहा. त्यात असं काहीही नाही. त्यात आहे ते हे: प्रत्येक सरायची सरकारदरबारी नोंद हवी. चालवणाऱ्याच्या चारित्र्याचा दाखला मागता येईल आणि तो दिला नाही तर नोंद नाकारता येईल. सरायमध्ये कुणाला संसर्गजन्य रोग झाला तर पोलीस ठाण्यात कळवायचं. खोल्या स्वच्छ ठेवायच्या, पहारेकरी ठेवायचे, दरपत्रक लावायचं. दंडाधिकाऱ्याने सांगितलं तर कोण कोण येऊन राहिलं याचा अहवाल द्यायचा. नियम मोडला तर वीस रुपयांपर्यंत दंड आणि तिसऱ्यांदा दोषी ठरला तर सराय चालवायलाच बंदी.

यात वाईट काय? तसं काही नाही. स्वच्छता हवी, पहाराही हवा. पण भाषा बघा. शेरशाहच्या सरायमध्ये प्रश्न होता, वाटसरूला काय द्यायचं? १८६७ च्या कायद्यात प्रश्न आहे, वाटसरू कोण आहे आणि त्याच्याबद्दल कुणाला कळवायचं? उठाव होऊन दहाच वर्षं झाली होती. फिरणारा माणूस हा सरकारच्या नजरेत संशयाचा विषय झाला होता. आज कुठल्याही लॉजवर गेल्यावर आपल्यापुढे जे रजिस्टर सरकवलं जातं, ‘कहां से आए, कहां जाएंगे’ असे रकाने असलेलं, त्याची वंशावळ शोधत गेलं तर याच काळात पोचते. पुढे परदेशी पाहुण्यांसाठी ‘फॉर्म सी’ आला, जो चोवीस तासांत भरून द्यावा लागतो. माझ्या खोलीतल्या इस्रायली मुलाचा पासपोर्ट काउंटरवर पंधरा मिनिटं अडकला, तो त्यासाठीच.

आता दुसरी वाट, धर्मशाळेची. सराय बहुधा सत्तेने बांधली, धर्मशाळा पुण्यासाठी बांधली गेली. अहिल्याबाई होळकरांनी देशभरच्या तीर्थक्षेत्री घाट आणि धर्मशाळा बांधल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हज यात्रेकरूंच्या कामी आला. दिल्लीत याच पहाडगंज भागात आपलं बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे. परक्या शहरात आपल्या भाषेच्या माणसाला टेकायला जागा असावी, हीच त्यामागची भावना. ती चांगलीच आहे. पण पुण्याच्या आणि आपलेपणाच्या भावनेलाही दरवाजा असतो. दारावरची पाटी कधी ज्ञातीचं नाव सांगते, कधी पंथाचं. आपल्यांसाठी जागा म्हटलं की परके कोण, हे आपोआप ठरतं.

पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा ही त्याचीच साक्ष आहे. ज्या विठ्ठलाच्या पायाशी सगळे सारखे, त्याच्या गावात महार वारकऱ्यांना इतरांच्या धर्मशाळांत पाठ टेकता येत नव्हती. म्हणून गाडगेबाबांनी ही वेगळी धर्मशाळा उभी केली. स्वतः खापराच्या तुकड्यात जेवणाऱ्या, मिळेल तिथे झोपणाऱ्या या माणसाने पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे दुसऱ्यांसाठी छपरं उभी केली. पंढरपूरची ती वास्तू पुढे त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आजही आसरा देते.

बाबासाहेबांचं नाव आलं, तर आता मी माझ्या गावात येतो. वडोदऱ्यात. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. करारानुसार संस्थानची नोकरी करायला ते १९१७ मध्ये वडोदऱ्यात आले. पहिला प्रश्न, राहायचं कुठे? हिंदूंच्या खाणावळी होत्या, त्यांना ‘विशी’ म्हणत. तिथे जात लपवल्याशिवाय प्रवेश नव्हता. अमेरिकेत बरोबर असलेले मित्र शहरात होते, पण ते घरात घेतील याची खात्री नव्हती. शेवटी ते एका पारशी पथिकाश्रमात गेले. व्यवस्थापकाच्या लक्षात आलं की हा पारशी नाही. पण आश्रमात दुसरा एकही पाहुणा नव्हता आणि त्यालाही चार पैसे हवे होते. ठरलं असं की रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहायचं. एदलजी सोराबजी. राहण्याजेवणाचे रोज दीड रुपया.

पुढचं बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवलंय. वरच्या मजल्यावर एकटेच. मोठा दिवाणखाना अडगळीच्या सामानाने भरलेला. संध्याकाळी अंधार दूर ठेवायला एक कंदील. कोलंबियात शिकून आलेला माणूस त्या खोलीत पुस्तक वाचत रात्र काढायचा. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी हातात काठ्या घेऊन वर आले. तू कोण आहेस, पारशी नाव का घेतलंस, असे प्रश्न आणि संध्याकाळपर्यंत चालता हो असा हुकूम. त्यांनी आठवडाभराची मुदत मागितली, मिळाली नाही. दोन मित्रांना विचारलं. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी टाळलं. मुंबईची गाडी रात्री नऊची होती. मधले पाच तास त्यांनी कामाठीबागेत काढले.

त्या बागेला आज आम्ही सयाजीबाग म्हणतो. मी तिथे रोज सकाळी फिरायला जातो. बाबासाहेबांनी जिथे बसून निश्चय केला असं मानतात, त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. लहानपणापासून ती पाहत आलोय. पण या गोष्टीतलं रजिस्टर माझ्या ध्यानात आलं ते पहाडगंजातल्या त्या रात्री. बेड होता. पैसे होते. पाहुणा होता. चालवणाराही तयार होता. अडलं फक्त एका रकान्यापाशी.

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं आणि उपाहारगृहांबरोबर ‘हॉटेलं’ हा शब्द आहे, तो उगाच नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांनी तिथे कुणाला अडवता येणार नाही. अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या कायद्यात तर धर्मशाळा, सराय, मुसाफिरखाना ही नावं स्पष्ट घातलेली आहेत. ती नावं घालावी लागली, कारण माणसं तिथल्या दारांवरून परत पाठवली गेली होती.

मग ‘हॉस्टेल’ ही गोष्ट कुठून आली? ती जर्मनीतली. रिचर्ड शिरमान नावाचे शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलींना जात. १९०९ च्या ऑगस्टमध्ये असंच वादळ आलं आणि सगळ्यांना एका गावशाळेत रात्र काढावी लागली. तिथे त्यांना सुचलं की सुटीत शाळा रिकाम्याच असतात, गावोगाव अशी जागा का नसावी? १९१२ च्या सुमारास आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं युवा वसतिगृह सुरू झालं. एकावर एक लाकडी बेड, सगळ्यांसाठी एक खोली, कामं सगळ्यांनी वाटून घ्यायची. कारखान्यांच्या धुरात वाढणाऱ्या गरीब पोरांना डोंगर बघता यावेत, एवढाच हेतू. पुढे नाझी सत्तेने ही चळवळ गिळली आणि शिरमान यांना बाजूला केलं.

पहाडगंजात ही कल्पना वेगळ्या वाटेने पोचली. १९५७ साली लंडनहून कोलकात्यापर्यंत प्रवासी घेऊन बस निघाली. मग साठच्या दशकात इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली, काठमांडू अशी हिप्पींची वाटच पडली. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांनी पहाडगंजात दुकानं थाटली होती. नवी दिल्ली स्टेशन समोरच. स्वस्त खोल्या, स्वस्त जेवण, गिऱ्हाईक दारात. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो खुष्कीचा रस्ता बंद झाला. लोक विमानाने येऊ लागले, पण गल्ली तीच राहिली. गेल्या दहा-बारा वर्षांत मोठा बदल झाला तो असा, की या बेडांवर आता आपलीच मुलं झोपतात. मुलीही एकट्या येतात. एकट्या बाईला लॉजवाले खोली नाकारत, तो काळ फार जुना नाही. या हॉस्टेलांनी ते दार उघडलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी मी व्यवस्थापकाला विचारलं, लोकल माणसाला का नाही? तो तिशीतला, समंजस मुलगा होता. म्हणाला, “सर, एका खोलीत आठ अनोळखी लोक झोपतात. गावातला माणूस येतो तो बहुतेक दारू प्यायला नाहीतर मित्रांना घेऊन दंगा करायला. मुली तक्रार करतात. पोलीस आले तर विचारतात, याचं घर इथेच आहे, मग हा इथे का? मी काय उत्तर देऊ?” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आठ जणांच्या खोलीत विश्वास हीच खरी कडी असते, आणि ती सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर होती.

पण शेवटचं वाक्य ऐकलंत ना? “याचं घर इथेच आहे, मग हा इथे का?” घर असलेल्या माणसालाही एखाद्या रात्री घर नसतं, हे आपल्या रजिस्टरात बसत नाही. रागावून निघालेला मुलगा, मार खाऊन निघालेली सून, घरमालकाने कुलूप लावलेला भाडेकरू. कायदा जन्मस्थानावरून अडवू नका म्हणतो, कार्डावरच्या पत्त्याबद्दल काही बोलत नाही. मी हे बाबासाहेबांवरच्या अन्यायाच्या मापाने मोजत नाही. जातीची ती भिंत वेगळी आणि तिची क्रूरता वेगळी. नियम करणाऱ्याच्या मनात इथे द्वेष नाही, भीती आहे. मला एवढंच दिसतं की नियम कुठल्याही कारणाने झाला तरी तो लागू होतो तो काउंटरवर, रात्री, समोर उभ्या असलेल्या एका माणसाला. आणि अशा वेळी बाजूला उभा असलेला तिसरा माणूस काय करतो, यालाही महत्त्व असतं. वडोदऱ्यात बाबासाहेबांच्या दोन मित्रांनी काठ्या उचलल्या नव्हत्या. त्यांनी फक्त टाळलं होतं.

मीही बाटली भरून वर गेलो. मी म्हणू शकलो असतो, याला माझा पाहुणा म्हणून लिहा, जबाबदारी माझी. कदाचित त्यांनी ऐकलं नसतं. निदान त्या मुलाला दुसरी एखादी जागा विचारून देता आली असती. स्टेशनवरची प्रतीक्षालयं मला ठाऊक आहेत. पण मी दमलो होतो, आणि ते माझं काम नाही असं मला वाटलं.

माझ्या बेडच्या वरचा बेड त्या रात्री रिकामाच होता. सकाळी चादर बदलायला आलेल्या मुलाने ती तशीच घडी घातलेली पाहिली आणि पुढे गेला.

पुढच्या वेळी दिल्लीला गेलात तर अझीमगंज सरायच्या अंगणात दहा मिनिटं बसा. आणि कुठल्याही काउंटरवर रात्री कुणी परत जाताना दिसलं, तर त्याला एकदा विचारा, जाणार कुठे?